एलएल.एम.च्या आधी एलएल.बी. : आमच्या हातून झालेली एक चूक आणि तिचा धडा

गोदावरीच्या काठावर, धुळे-सोलापूर महामार्गाला लागून आमचे शहागड आहे. अंबड तालुक्यातले हे शेवटच्या टोकाचे गाव. नदीवरचा पूल ओलांडला की बीड जिल्हा लागतो. दर रविवारी विहारात वंदना झाली की आमच्याभोवती दहा-बारा माणसे हातात कागद घेऊन बसतात. कुणाचा जातीच्या दाखल्याचा अर्ज, कुणाची निराधार योजनेची त्रुटी, कुणाच्या पोराचा शिष्यवृत्तीचा फॉर्म. आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम. कागदाशी रोजचा संबंध, म्हणून वस्तीतील माणसे विश्वासाने येतात. आमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत. परंतु ज्याच्या शब्दावर माणसे चालतात, त्याचा शब्द चुकला तर काय होते, हे आज आम्हाला सांगावयाचे आहे.

ही गोष्ट २०२३ सालची आहे. जानेवारी महिना होता. वस्तीतील एक मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. बाप हमाली करीत करीत आजारी पडलेला, आई दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला जाणारी. मुलीच्या हातात वहीचा एक कागद होता. त्यावर मुकादमाने आईच्या उचलीचा हिशेब मांडला होता. आदल्या वर्षी पाच महिने कोयता चालवूनही उचल फिटलेली नव्हती, उलट चाळीस हजार अंगावर दाखवले होते. खाली आईचा अंगठा होता. मुलगी म्हणाली, "काका, या कागदाला उत्तर देणारं आपल्या वस्तीत कुणीच नाही. मला वकील व्हायचंय. काय करावं लागेल?"

आम्हाला अभिमान वाटला. आणि त्या अभिमानाच्या भरात आम्ही क्षणाचाही विचार न करता सांगितले, "तू आता पदवीधर होणार. पदवीनंतरची कायद्याची पदवी म्हणजे एलएल.एम. निकाल लागला की त्याचा अर्ज भरू."

तिने ते प्रमाण मानले. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिच्या मैत्रिणींनी तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या सीईटीचे अर्ज भरले, तेव्हा हिने भरला नाही. कारण काकांनी सांगितले होते की आपल्याला त्याच्या पुढची पदवी घ्यावयाची आहे!

खिडकीवरचा प्रश्न

जूनमध्ये निकाल लागला. चांगले गुण मिळाले. आम्ही एक दिवसाची रजा टाकली आणि मुलीला घेऊन छत्रपती संभाजीनगरला गेलो. महाविद्यालयाच्या खिडकीवर अर्ज दिला. पलीकडच्या बाईंनी कागद वरखाली केले आणि विचारले, "एलएल.बी.ची गुणपत्रिका कुठे आहे?" आम्ही म्हणालो, "मुलगी बी.कॉम. आहे." त्या शांतपणे म्हणाल्या, "मग एलएल.एम. कसे होईल? आधी एलएल.बी. करावे लागेल. त्याची सीईटी तर मे महिन्यातच होऊन गेली."

खिडकीसमोर उभे राहून आम्हाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मुलगी काही बोलली नाही. पूर्ण एक वर्ष गेले होते.

पण नुकसान तेवढ्यावर थांबले नाही. खिडकीवरचे संभाषण ऐकत उभा असलेला एक माणूस बाहेर चहाच्या टपरीवर आला. "बी.कॉम.वर थेट एलएल.एम. होते. आमच्या ओळखीची संस्था आहे. हजेरी नको, फक्त परीक्षेला या," असे त्याने सांगितले. आम्ही नको म्हणून परतलो. परंतु मुलीने आमच्या नकळत त्याचा नंबर घेतला होता. पुढे महिनाभराने तिने अठरा हजार रुपये भरले. ते पैसे आईने येत्या हंगामासाठी घेतलेल्या उचलीतले होते. त्या संस्थेकडून एक पावती आली, एक ओळखपत्र आले, नंतर फोन लागेनासा झाला.

म्हणजे आमच्या एका वाक्याची किंमत त्या माउलीने उसाच्या फडात फेडली. हे लिहिताना लाज वाटते. परंतु आमची लाज झाकून ठेवली तर उद्या दुसऱ्या वस्तीत दुसरा कुणी कार्यकर्ता हेच वाक्य बोलेल. म्हणून त्यानंतर आम्ही जे शिकलो ते येथे सविस्तर मांडीत आहोत.

आमची समजूत कुठे चुकली?

बी.कॉम. झालेला विद्यार्थी एम.ए. मराठी करू शकतो, समाजशास्त्र करू शकतो, एम.एस.डब्ल्यू.ला जाऊ शकतो. पदवी एका विषयाची आणि पदव्युत्तर शिक्षण दुसऱ्या विषयाचे, हे आपण सर्रास पाहतो. त्यावरून आम्ही धरून चाललो की कायद्यातही तसेच असणार. पण कायद्याचे शिक्षण डॉक्टरकीसारखे आहे. एम.बी.बी.एस. झाल्याशिवाय एम.डी. नाही, तसे एलएल.बी. झाल्याशिवाय एलएल.एम. नाही.

आपल्या देशात कायद्याच्या शिक्षणावर बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियंत्रण आहे. या कौन्सिलने २०२० मध्ये पदव्युत्तर विधी शिक्षणाचे नियम केले. त्यांत स्पष्ट म्हटले आहे की, एलएल.बी. नसलेल्या पदवीधराला व्यवसाय कायदा, मानवी हक्क, औद्योगिक कायदा अशा एखाद्या शाखेची पदव्युत्तर पदवी दिली, तर तिला एलएल.एम. हे नाव देता येणार नाही. २०२५ सालीही कौन्सिलने ऑनलाइन, दूरस्थ आणि तथाकथित 'एक्झिक्युटिव्ह' एलएल.एम.विषयी सर्वांना सावध केले.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या एलएल.एम.साठी क्लॅटची पदव्युत्तर परीक्षा द्यावी लागते. तिलाही एलएल.बी.त किमान ५० टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४५ टक्के. तेव्हा 'पदवीवर थेट एलएल.एम.' असे कुणी सांगितले, तर तिथूनच मागे फिरावे.

मग बाबासाहेब बॅरिस्टर कसे झाले?

हा सारा प्रकार आम्ही विहारात सर्वांसमोर सांगितला, तेव्हा एका वयोवृद्ध उपासकांनी विचारले, "अहो, आपले बाबासाहेब कुठे एलएल.बी. होते? ते तर बी.ए., एम.ए., पीएच.डी. मग ते बॅरिस्टर कसे झाले?"

प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी एलएल.बी. केले नव्हते. १९१३ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए., १९१५ साली अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठातून एम.ए., आणि मग लंडन. १९१६ साली त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी, दोन्हीकडे नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना परतावे लागले. १९१८ ते १९२० पर्यंत मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात, म्हणजे वाणिज्याच्या महाविद्यालयात, ते प्राध्यापक होते. पैसे साठवून, मित्रांकडून कर्ज घेऊन आणि राजर्षी शाहू महाराजांच्या साहाय्याने १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ साली बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली मुंबईत वकिलीची सनद घेतली.

बॅरिस्टरी ही विद्यापीठाची पदवी नव्हे, हे येथे समजून घेतले पाहिजे. लंडनमध्ये ग्रेज इन, लिंकन्स इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपल अशा वकिलांच्या चार जुन्या संस्था आहेत. त्यांच्यापैकी एकीत नाव नोंदवायचे, ठरलेल्या सत्रांत हजर राहायचे, तेथे भोजनाला बसायचे आणि बारच्या परीक्षा उत्तीर्ण व्हायच्या, अशी ती पद्धत होती. त्यासाठी आधी एलएल.बी. असण्याची अट नव्हती. आजही इंग्लंडमध्ये दुसऱ्या विषयाचा पदवीधर कायद्याचा एक वर्षाचा पायाभूत अभ्यासक्रम करून बॅरिस्टरीच्या शिक्षणाला जाऊ शकतो.

म्हणजे बाबासाहेबांनी कोणतीही पायरी गाळली नाही. त्या काळच्या वाटेवरची प्रत्येक पायरी ते चढले, तीही मध्ये तीन वर्षांचा खंड पडून, अर्धपोटी राहून. पुढे १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. १९३५ साली ते मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. १९५२ साली कोलंबिया विद्यापीठाने त्यांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली.

ती बॅरिस्टरीची वाट आपल्यासाठी आता बदलली आहे. १९६१ च्या वकील अधिनियमाने देशभर एकच 'वकील' हा वर्ग केला, आणि आज आपल्या तालुक्याच्या कोर्टात काळा कोट घालून उभे राहावयाचे तर येथील मान्य एलएल.बी. हाच दरवाजा आहे.

तो दरवाजा कसा उघडतो?

बारावीनंतर जायचे असेल तर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचे एलएल.बी. करता येते. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. सर्व चालते. पदवीला खुल्या वर्गासाठी ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण लागतात. प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो. ही परीक्षा मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत असते, प्रश्न बहुपर्यायी असतात आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच हा अर्ज भरता येतो. निकालाची वाट पाहत बसलो तर आमच्यासारखे वर्ष जाते.

काही ठिकाणी आपली माणसे हमखास अडतात. ती क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट मुक्त विद्यापीठाच्या पदवीची. आपल्या समाजात अनेकांनी शाळा अर्धवट सोडली आणि पुढे मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली. ही अभिमानाची बाब आहे. मात्र बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे दहावी-बारावी न करता, थेट पूर्वतयारीतून घेतलेली पदवी एलएल.बी.च्या प्रवेशाला चालत नाही. दहावी, बारावी करून मग मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर अडचण नाही. ज्यांची मधली पायरी राहिली आहे, त्यांनी प्रवेशाचे पैसे भरण्याआधी हे पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट वयाची. 'आता चाळिशी उलटली, आता कुठले कॉलेज,' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. कौन्सिलने तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी तीस वर्षांची मर्यादा घातली होती. परंतु मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, आणि आपल्या राज्याच्या सीईटीला वयाची कमाल अट नाही.

तिसरी गोष्ट हजेरीची. एलएल.बी. दूरशिक्षणाने होत नाही. २००८ च्या नियमांनी प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरीची अट घातली आहे. 'फक्त परीक्षेला या' असे सांगणारा माणूस आपल्या पदवीच्या मुळावरच घाव घालत असतो. नोकरी करणाऱ्यांनी सकाळचे वर्ग असलेले महाविद्यालय शोधावे आणि आपल्या कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी. २०२४ साली कौन्सिलने विद्यार्थ्याने नोकरीची माहिती जाहीर करून ना-हरकत प्रमाणपत्र द्यावे, असेही महाविद्यालयांना कळवले आहे. पूर्णवेळ नोकरीत असताना वकिलीची सनद चालवता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे. पदवी घेता येते, कोर्टात उभे राहावयाचे तर नोकरी सोडावी लागते.

चौथी गोष्ट जातीच्या कागदांची. नुसता जातीचा दाखला पुरत नाही, पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. ते आठ दिवसांत मिळत नाही. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, महसुली कागद असे काहीही असो, ते पदवीच्या पहिल्या वर्षातच जमवावे. १९९० सालच्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील वेगळा दाखला असतो. क्लॅटसारख्या देशपातळीवरच्या परीक्षेला तोच काढून ठेवावा.

पाचवी गोष्ट पैशाची. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. त्यावर असेल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला फ्रीशिप आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावे लागतात. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ती २०१६-१७ पासून सुरू झाली. तिच्यात मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, इतर महानगरपालिका क्षेत्रांत ५१,००० रुपये आणि बाकी ठिकाणी ४३,००० रुपये अशी मदत ठरली. खोलीभाडे आणि खाणावळ यांचा बोजा त्यातून बराच हलका होतो.

आणि एक छोटी सूचना. जुनी पुस्तके स्वस्तात घेताना जपून घ्यावीत. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगारांच्या जुन्या कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता आल्या. जुन्या गाईडवर अभ्यास केला तर कलमांचे आकडे चुकतील.

एलएल.बी. न करता काय शिकता येते?

सर्वांनाच तीन वर्षे वर्गात बसता येणार नाही, हे आम्ही जाणतो. ज्याला कोर्टात उभे राहावयाचे नाही, परंतु कायदा शिकून त्याचा उपयोग करावयाचा आहे, अशा पदवीधराला सरळ आणि मान्य असे अनेक मार्ग आहेत. त्यांना एलएल.एम. म्हणत नाहीत, एवढेच.

मुंबईत परळला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाची महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था आहे. तेथे पदवीधरांसाठी मास्टर ऑफ लेबर स्टडीज हा अभ्यासक्रम चालत आला आहे. कामगार कायदे आणि कामगार कल्याण यांची पदविका अनेक विधी महाविद्यालयांत असते. कारखान्यात, कामगार संघटनेत काम करणाऱ्यांना तिचा उपयोग होतो. करविषयक कायद्यांचीही पदविका आहे. बी.कॉम. मंडळींना ती सोयीची आहे.

बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने दूरशिक्षणाने व्यवसाय कायद्याची पदव्युत्तर पदवी आणि मानवी हक्क, ग्राहक कायदा, बालहक्क, पर्यावरण कायदा अशा पदविका कोणत्याही पदवीधरासाठी खुल्या केल्या. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने फौजदारी न्याय आणि बौद्धिक संपदा यांच्या पदव्युत्तर पदविका काढल्या, तसेच पॅरालीगल कामाचीही पदविका काढली.

आमच्यासारख्या कारकुनांसाठी शासनाची सहकार व लेखा पदविका, म्हणजे जी.डी.सी. अँड ए., ही परीक्षा सहकार खाते घेते. तीत सहकार कायदा शिकावा लागतो. गावातील सोसायटीत आणि पतसंस्थेत चाललेले समजून घेण्यासाठी याहून चांगले शस्त्र नाही. मानवी हक्क विषयात एम.ए. केले तर पुढे 'मानवी हक्क व कर्तव्ये' या विषयात नेट परीक्षा देऊन प्राध्यापकीचीही दिशा मिळते.

यांतील कोणत्याही पदविकेवर वकिलीची सनद मिळत नाही. हे आधीच समजून घेतले, म्हणजे पुढे पश्चात्ताप होत नाही.

परदेशाचे स्वप्न पाहणाऱ्यांसाठीही दोन शब्द. इंग्लंडमधील काही विद्यापीठे मानवी हक्कांची पदव्युत्तर पदवी कायद्याबाहेरच्या पदवीधरांनाही देतात. अमेरिकेत अशा विद्यार्थ्यांसाठी एलएल.एम.पेक्षा वेगळ्या नावाची, कायद्याच्या अभ्यासाची पदव्युत्तर पदवी असते. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. पण तिकडून पदवी आणली, तरी येथे एलएल.बी.शिवाय कोर्टात उभे राहता येणार नाही.

शिकून पुढे काय?

एलएल.बी. झाल्यावर राज्याच्या बार कौन्सिलकडे नाव नोंदवावे लागते आणि ऑल इंडिया बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. पूर्वी ठिकठिकाणी नोंदणीसाठी पंधरा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत रक्कम घेतली जाई. गरिबाच्या पोराची वाट तेथेच अडे. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कायद्यात लिहिलेल्या शुल्काहून अधिक घेता येणार नाही. ते शुल्क खुल्या वर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना फक्त १२५ रुपये आहे. हा आकडा प्रत्येक घरात माहीत असावा.

एलएल.एम. झाल्याशिवाय मोठे वकील होता येत नाही, ही समजूतही काढून टाकावी. एलएल.एम. ज्याला शिकवायचे आहे, संशोधन करावयाचे आहे, त्याच्यासाठी विशेष उपयोगी. न्यायमूर्ती भूषण गवई यांनी अमरावतीस वाणिज्य आणि मग कायदा, अशा दोन पदव्या घेतल्या. १९८५ साली वकिली सुरू केली. १४ मे २०२५ रोजी ते भारताचे सरन्यायाधीश झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले बौद्ध. आमच्या बी.कॉम. मुलामुलींनी हा क्रम नीट पाहावा. वाणिज्य, मग एलएल.बी., मग कोर्ट.

आणि ज्यांना काहीच शिकणे शक्य नाही, त्यांनी एवढे तरी जाणावे की १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला, स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. त्या समितीबरोबर पॅरालीगल व्हॉलंटिअर म्हणून काम करावयास कायद्याची पदवी लागत नाही. आमच्या वस्तीतील दोन तरुण आता त्यासाठी अर्ज करीत आहेत.

त्या मुलीचे काय झाले?

वाचकांना हा प्रश्न पडला असेल. अठरा हजारांची गोष्ट कळल्यावर आम्ही तिच्या घरी गेलो. आई फडावरून आठ दिवसांसाठी आली होती. आम्ही हात जोडले. आमच्या पगारातून दोन हप्त्यांत ती रक्कम देण्याचे कबूल केले. माउली म्हणाली, "भाऊ, पैशाचं राहू द्या. पोरीच्या पुस्तकाला लागंल तवा द्या. फकस्त आता नीट विचारून सांगा."

'नीट विचारून सांगा.' हे तीन शब्द आम्ही विहारातल्या आमच्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवले आहेत. आता कोणताही अर्ज हाती आला की आम्ही आधी माहितीपुस्तिकेतले पात्रतेचे पान वाचतो. माहीत नसेल तर 'माहीत नाही, आठ दिवसांनी सांगतो' असे म्हणतो. कार्यकर्त्याला हे म्हणण्याची लाज वाटू नये.

मार्च २०२४ मध्ये मुलीने सीईटी दिली. त्या वर्षी तिला प्रवेश मिळाला. आता ती एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या सुट्टीत ती विहारात आली, तेव्हा आईही सोबत होती. मुलीने १९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा आणला होता. उचल फेडण्याच्या नावाखाली माणसाला जबरदस्तीने कामाला जुंपणे हा गुन्हा आहे आणि वेठबिगारीचे कर्ज फेडण्याची जबाबदारी कायद्याने संपते, हे तिने आईला साध्या भाषेत समजावून सांगितले. मुकादमाचा तो जुना कागद तिने जपून ठेवला आहे. आपल्या आईचे प्रकरण या कायद्यात बसते की नाही, हे ती आपल्या शिक्षकांना विचारणार आहे. घाईने बोलणार नाही, असे ती म्हणाली. आमच्यापेक्षा शहाणी झाली आहे.

आई बराच वेळ गप्प होती. मग आमच्याकडे पाहून तिने विचारले, "शहात्तर सालचा कायदा हाय म्हणता. मंग इतकी वर्सं आम्हाला कुणी कसं सांगितलं न्हाई?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. बंधू-भगिनींनो, आपल्या घरात यंदा कुणी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असेल, तर आजच त्याला जवळ बसवा. सीईटीच्या अर्जाची तारीख पाहा, वैधता प्रमाणपत्र आहे की नाही ते तपासा, आणि एलएल.बी.चे नाव त्याच्या कानावर घाला. त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच घरातून निघावयाचे आहे.

जयभीम!